अमेरिकेत रेल्वेत नोकरी आणि नंतर कॅन्सर: भरपाई मागायची तर सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत गोदामात, कारखान्यात, हॉटेलात काम करणाऱ्या माणसाला कामामुळे काही झालं की वर्कर्स कॉम्प असतं. तिथे चूक कोणाची हे विचारत नाहीत, कामामुळे झालं एवढं दाखवलं की कायद्यात ठरलेले पैसे मिळतात. रेल्वेच्या माणसाला ते नाही. त्याच्यासाठी १९०८ सालापासून वेगळा कायदा आहे, फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट, सगळे त्याला फेला म्हणतात, आणि त्यात कंपनीचा निष्काळजीपणा दाखवावाच लागतो. हात तुटला असेल तर निष्काळजीपणा दाखवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तारीख आहे, जागा आहे, साक्षीदार आहेत. कॅन्सरचं तसं नाही, तो कामाच्या वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी निघतो, तोवर शेड पाडलेली असते, फोरमन गेलेला असतो आणि कंपनीचं नावही बदललेलं असतं. म्हणून हे लिहितेय, ज्यांच्या घरातलं कोणी तिकडे रेल्वेत आहे किंवा होतं, नवरा, सासरे, मामा कोणीही, आणि ज्यांना या कायद्याचं नावसुद्धा माहीत नाही त्यांच्यासाठी.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू

१९०६ मध्ये असाच एक कायदा झाला होता, सुप्रीम कोर्टाने तो १९०८ च्या जानेवारीत रद्द केला, मग त्याच वर्षी २२ एप्रिलला थिओडोर रूझवेल्टच्या सहीने आत्ताचा फेला आला. त्या काळी डबे जोडताना, ब्रेक लावताना इतकी माणसं मरत आणि लुळी होत होती की काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, काहीतरी करावंच लागलं. १९३९ मध्ये दोन मोठे बदल झाले. 'धोका माहीत असूनही नोकरी धरलीस ना, मग भोग' हा कंपनीचा बचाव कायमचा गेला, आणि दावा लावायची मुदत दोनाची तीन वर्षं झाली.

निष्काळजीपणा दाखवावा लागतो हे खरं, पण किती दाखवावा लागतो ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोक उगाच घाबरून मागे फिरतात. कायद्यात शब्द आहेत की इजा 'पूर्णपणे किंवा अंशतः' कंपनीच्या निष्काळजीपणामुळे झालेली असावी. सुप्रीम कोर्टाने १९५७ च्या रॉजर्स खटल्यात सांगितलं की त्या निष्काळजीपणाचा अगदी थोडासा वाटा असला तरी पुरे, आणि २०११ मध्ये सीएसएक्स विरुद्ध मॅकब्राइडमध्ये तेच परत पक्कं केलं. म्हणजे कॅन्सर फक्त आणि फक्त रेल्वेमुळेच झाला असं सिद्ध करायची गरज नाही, रेल्वेचा त्यात हात होता एवढं दाखवायचं.

आणि आजार हासुद्धा इजेतच येतो हे १९४९ च्या युरी विरुद्ध थॉम्पसन खटल्यात ठरलं. मिसूरी पॅसिफिक रेल्वेचा एक फायरमन, म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळणारा, चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडतात ती वाळू तीसेक वर्षं केबिनमध्ये नाकातोंडात जाऊन त्याला सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला. कंपनीचं म्हणणं की कायदा अपघातासाठी आहे, आजारासाठी नाही. कोर्टाने ते मानलं नाही. आज कॅन्सरचे जे दावे लागतात ते सगळे या निकालाच्या पायावर उभे आहेत.

पायरी पहिली: कामावर कशाशी संबंध आला ते ओळखा

'रेल्वेत होतो' एवढ्याने काही होत नाही, कोणत्या कामावर होतो ते सांगावं लागतं. ट्रेन क्रू म्हणजे इंजिनियर (तिकडे गाडीच्या ड्रायव्हरला म्हणतात), कंडक्टर, ब्रेकमन यांच्या बाबतीत मुख्य गोष्ट डिझेलचा धूर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की. आणि त्यामागे रेल्वेच्या माणसांचाच अभ्यास मोठा होता. अमेरिकेतल्या ५४,९७३ रेल्वे कामगारांचा १९५९ ते १९९६ असा अडतीस वर्षांचा माग काढला, तो २००४ मध्ये छापून आला, आणि गाडी चालवण्याशी संबंधित कामं करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण इतर कामगारांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निघालं. हा आकडा लक्षात ठेवा, वकिलाशी बोलताना तो येणारच.

शेडमध्ये, वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांचा मोठा शत्रू ॲस्बेस्टॉस. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरला त्याचंच वेष्टण असायचं, पाइपांना तेच, गॅस्केटमध्ये तेच, ब्रेक शूमध्ये तेच, आणि डिझेल आल्यावरही ते लगेच गेलं नाही. त्याने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो आणि मेसोथेलिओमा होतो, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर, जो ॲस्बेस्टॉसशिवाय फार क्वचित दिसतो. त्यामुळे रिपोर्टवर मेसोथेलिओमा हा शब्द दिसला तर एक दिवसही न थांबता पुढच्या पायऱ्या सुरू करा. तो किती उशिरा येतो बघा, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या एका खटल्यातला कामगार १९४७ ते १९७४ रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आणि मशिनिस्ट होता आणि त्याला मेसोथेलिओमा निघाला २००५ मध्ये.

रुळांवर काम करणाऱ्या गँगचं वेगळं. खडी टाकताना, सारखी करताना जी धूळ उडते त्यात सिलिका असते, ती पहिल्या गटात. लाकडी स्लीपर, तिकडे टाय म्हणतात, ते क्रिओसोटमध्ये बुडवलेले असतात, तो काळा वास येणारा पदार्थ दुसऱ्या गटाच्या वरच्या भागात म्हणजे 'बहुधा कॅन्सर होतो' असा. वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात. बेंझिन, जे सॉल्व्हंटमधून, इंधनातून येतं, तेही पहिल्या गटात आणि त्याचा संबंध रक्ताच्या कॅन्सरशी. एकाच माणसाच्या नोकरीत यातलं दोन-तीन असू शकतं, म्हणून एकच धरून बसू नका.

पायरी दुसरी: डॉक्टरांना नोकरी सांगा

कॅन्सरच्या डॉक्टरांना उपचाराची घाई असते, ते 'सिगारेट ओढता का' विचारतात आणि पुढे जातात, तीस वर्षं कुठे काम केलं हे बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. तुम्ही स्वतः सांगा आणि ते फाइलमध्ये लिहून घ्या असं स्पष्ट म्हणा. ॲस्बेस्टॉसचा संशय असेल तर व्यावसायिक आजारांच्या डॉक्टरकडे पाठवा असं विचारा. बायोप्सीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, सीटी स्कॅन, सगळ्याच्या प्रती घरी ठेवा. बायोप्सीचा तुकडा, ब्लॉक म्हणतात त्याला, हॉस्पिटल किती वर्षं ठेवणार हेही विचारून घ्या, कारण मेसोथेलिओमाच्या दाव्यात तो परत तपासावा लागतो.

माणूस आजारी असताना हे सगळं सुचत नाही हे मला कळतं. घरातल्या एकाने, शक्यतो जो रडत नाहीये त्याने, फाइल सांभाळायची जबाबदारी घ्यावी.

पायरी तिसरी: मुदत कधी सुरू झाली ते आजच ठरवा

सगळ्यात जास्त दावे कुठे बुडतात तर इथे. मुदत तीन वर्षं. अपघातात ती अपघाताच्या दिवसापासून, पण हळूहळू येणाऱ्या आजारात युरी खटल्यानंतर कोर्टं असं धरतात की आजार आणि त्याचा कामाशी संबंध हे दोन्ही माणसाला कळलं किंवा समंजस माणसाला कळायला हवं होतं त्या दिवसापासून. 'कळायला हवं होतं' हे शब्द नीट वाचा. निदान झालं, डॉक्टर म्हणाले 'रेल्वेत होता ना, त्याने असू शकतं', आणि घरच्यांनी चार वर्षांनी कागद काढले, तर कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी ती नोंद कोर्टात दाखवेल. 'मला ॲस्बेस्टॉसने होतं हे ठाऊक नव्हतं' असं नुसतं म्हणून भागत नाही, चौकशी करायची जबाबदारी माणसावरच टाकतात. म्हणून माझा सल्ला असा की निदानाची तारीख हीच सुरुवात धरा आणि तीन वर्षं थांबू नका, काही महिन्यांतच वकिलापर्यंत पोचा.

घरच्यांसाठी आणखी एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. माणूस गेला तर बायकोमुलांना दावा लावता येतो, बायको किंवा नवरा आणि मुलं नसतील तर आईवडिलांना, तेही नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या जवळच्या नातेवाइकांना. पण त्याच्या हयातीतच त्याची स्वतःची मुदत संपून गेली असेल तर मृत्यूमुळे नवी मुदत मिळत नाही. तसंच त्याने स्वतः तडजोड करून पैसे घेऊन सही केली असेल तर मागच्यांना परत मागता येत नाही. दोन्ही गोष्टी सुप्रीम कोर्टाने १९२८ आणि १९३१ इतक्या जुन्या काळात ठरवून ठेवल्यात आणि त्या आजही तशाच आहेत.

अजून आजार नाही, फक्त धूळ खाल्लीय, त्यांचं काय? १९९७ च्या मेट्रो-नॉर्थ विरुद्ध बकली खटल्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलखालच्या बोगद्यांत पाइपांचं काम करणारा माणूस होता, अंगावर ॲस्बेस्टॉसची पांढरी पूड इतकी बसायची की त्या लोकांना 'स्नोमेन' म्हणायचे. त्याला आजार नव्हता, भीती होती. कोर्टाने भीतीची भरपाई नाकारली. उलट २००३ च्या एअर्स खटल्यात ज्यांना ॲस्बेस्टोसिस झालेला होता, म्हणजे फुफ्फुसं खरोखर खराब झाली होती, त्यांना पुढे कॅन्सर होईल या खऱ्याखुऱ्या भीतीची भरपाई मागता येते असं ठरलं. तेव्हा लक्षण नसेल तर दावा नाही, पण तपासणी दरवर्षी करा आणि पुढची पायरी मात्र आजच करा.

पायरी चौथी: कामाचा इतिहास लिहून काढा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. माणूस बोलू शकतोय, आठवतंय, तोवरच. वही घ्या किंवा फोनवर रेकॉर्ड करा आणि वर्षावार जा. कोणती कंपनी, कोणतं यार्ड किंवा शेड, कोणत्या सालापासून, हुद्दा काय, फोरमन कोण, सोबत कोण, कोणती इंजिनं, केबिनमध्ये धूर यायचा का, खिडकी बंद होत होती का, यार्डात इंजिनं चालू ठेवून किती वेळ उभी असायची, मास्क दिला होता का, कधीपासून दिला, धोक्याबद्दल कोणी सांगितलं का, तक्रार केली तर काय उत्तर मिळालं. 'धूर असायचा' याला कोर्टात काही किंमत नाही, 'हिवाळ्यात शेडची दारं बंद करून चार इंजिनं चालू ठेवायचे आणि आम्ही मध्ये काम करायचो' याला आहे.

केबिनच्या धुराबद्दल मुद्दाम विचारा. इंजिनाचा धूर पूर्णपणे केबिनच्या बाहेरच सोडला पाहिजे असा फेडरल नियम आहे, आणि लोकोमोटिव्ह इन्स्पेक्शन ॲक्ट हा कायदा इंजिन सुरक्षित स्थितीत ठेवायची सक्ती करतो. तो मोडला असं सिद्ध झालं तर वेगळा निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही आणि कामगाराची स्वतःची चूक आहे म्हणून रक्कमही कापता येत नाही. नुसत्या एका गळक्या एक्झॉस्टच्या आठवणीने दाव्याचं सगळं रूप बदलू शकतं, म्हणून म्हणतेय बारीक बारीक लिहा.

कागदांमध्ये रेल्वेच्या पेन्शनचं ऑफिस, शिकागोतलं रेलरोड रिटायरमेंट बोर्ड, यांच्याकडून नोकरीच्या महिन्यांचा दाखला मिळतो, बीए-६ नावाचा फॉर्म, त्यात कोणत्या वर्षी किती महिने धरले ते असतं. युनियनच्या सीनियॉरिटी याद्या, जुने पे स्लिप, शेडमधले फोटो, ओळखपत्र, काही टाकू नका. ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांचे फोन नंबर शोधा, त्यांचंही वय झालंय. आणि कंपनी आता कोणाची झाली ते बघा, सदर्न पॅसिफिक १९९६ मध्ये युनियन पॅसिफिकमध्ये गेली, कॉनरेलचा बहुतेक भाग १९९९ मध्ये सीएसएक्स आणि नॉर्फोक सदर्नने वाटून घेतला, दावा कोणावर हे त्यावरून ठरतं.

पायरी पाचवी: सही करण्याआधी थांबा

निदान कळलं की कधी कंपनीच्या क्लेम विभागातून फोन येतो, बोलणं अगदी गोड असतं, एक रेकॉर्ड केलेला जबाब द्या म्हणतात. तुम्ही बांधील नाही. वकिलाशी बोलून सांगतो म्हणा आणि ठेवा. नोकरी सोडताना पॅकेज घेतलं असेल तर तो कागद शोधा, त्यात सगळे हक्क सोडल्याची ओळ असते. फेलामध्ये असं आहे की आधीच जबाबदारीतून सुटका करून घेणारा करार बेकायदा, पण खऱ्या वादाची तडजोड म्हणून केलेली सही चालते, आणि भविष्यातल्या कॅन्सरचे हक्कही त्यात गेले का यावर वेगवेगळ्या कोर्टांची वेगवेगळी मतं आहेत. म्हणजे सही झालीय म्हणून सगळं संपलं असंही समजू नका, कागद वकिलाला दाखवा. आणि जुना सहकारी तुमच्यासाठी माहिती द्यायला घाबरत असेल तर त्याला सांगा, अशी माहिती स्वेच्छेने देणाऱ्याला कंपनी धमकावू किंवा शिक्षा करू शकत नाही, ते याच कायद्यात लिहिलंय.

पायरी सहावी: वकील, आणि कुठलं कोर्ट

साधा अपघाताचा वकील नको, फेला करणाराच हवा. रेल्वे युनियन अशा वकिलांची यादी ठेवतात, तिथून सुरुवात करा पण तिथेच थांबू नका, दोघा-तिघांशी बोला. फी बहुतेक वेळा मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांत असते, हरलात तर फी नाही, पण तज्ज्ञांचा खर्च कोण सोसणार हे आधी लेखी घ्या. तज्ज्ञ हा विषय मोठा आहे कारण कॅन्सरचे बरेच दावे ज्युरीपर्यंत पोचतच नाहीत. १९९३ च्या डॉबर्ट निकालापासून फेडरल न्यायाधीश आधी तपासतो की तज्ज्ञाचं म्हणणं शास्त्रीय पद्धतीवर उभं आहे की नाही, आणि त्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात, या पदार्थाने हा कॅन्सर होतो आणि या माणसाच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा होता. दुसरी जड जाते. म्हणून वकिलाला थेट विचारा, तज्ज्ञ कोण आणणार, याआधी त्यांची साक्ष कोर्टाने मानली होती का.

दावा फेडरल कोर्टात लावता येतो आणि राज्याच्या कोर्टातही, आणि राज्याच्या कोर्टात लावला तर फेलाचा दावा कंपनीला फेडरलमध्ये ओढून नेता येत नाही, हा कामगाराचा मोठा हक्क. पण कोणत्या राज्यात यावर दोन निकाल बघा, दोन्हींत कॅन्सरचा दावा होता. २०१७ मध्ये बीएनएसएफ विरुद्ध टायरेलमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसती गाडी मोंटानातून धावते म्हणून बाहेर घडलेल्या गोष्टीचा दावा मोंटानात लावता येणार नाही. २०२३ मध्ये मॅलरी विरुद्ध नॉर्फोक सदर्नमध्ये, ओहायो आणि व्हर्जिनियात मेकॅनिक राहिलेल्या आणि नंतर कोलन कॅन्सर झालेल्या माणसाला पेनसिल्व्हेनियात दावा लावू दिला, कारण तिथे धंद्याची नोंदणी करतानाच कंपनीने त्या राज्याची कोर्टं मान्य केली होती.

सिगारेट ओढायचे, मग?

हा प्रश्न घरोघरी असतो आणि बऱ्याच जणांना वाटतं की संपलं. नाही संपत. कामगाराचीही चूक असेल तर ज्युरी तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कमी करते, दावा रद्द होत नाही. एअर्स खटल्यात सहापैकी तिघांची रक्कम सिगारेटमुळे कापली गेली, तरी पैसे मिळाले. शिवाय ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉसमध्ये ठेवणं हे जास्तच धोक्याचं होतं. डॉक्टरपासून किंवा वकिलापासून सिगारेट लपवू नका, लपवलेली बाहेर येते आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पैसे कशाचे, आणि खटल्याबाहेर काय

वर्कर्स कॉम्पसारखा ठरलेला तक्ता इथे नाही. उपचाराचा खर्च, बुडालेला आणि पुढे बुडणारा पगार, शारीरिक आणि मानसिक त्रास हे सगळं मागता येतं. मृत्यूनंतर घरच्यांना आर्थिक नुकसान आणि त्या माणसाने मरण्याआधी सोसलेल्या वेदनांचं मागता येतं. कंपनीला धडा शिकवायचा म्हणून जादा दंड मात्र फेलात मिळत नाही.

खटल्याची वाट न बघता रेलरोड रिटायरमेंट बोर्डाकडे अपंगत्व पेन्शनचा अर्ज करा, तिथे कोणाची चूक हा प्रश्नच नाही. आपलं नेहमीचं रेल्वेचं काम करता येत नाही एवढ्यावर मिळणारी पेन्शन २४० महिने नोकरी झाली असेल तर, किंवा वय ६० आणि १२० महिने झाले असतील तर, फक्त रेल्वेशी चालू संबंध असावा लागतो, म्हणजे सोडून मध्ये बरीच वर्षं दुसरीकडे नोकरी केली असेल तर अडतं. बोर्ड आजारपणाचा भत्ताही देतं, पण पुढे तडजोडीत पैसे आले की तो भत्ता त्यातून परत घेतं, मेडिकेअर म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, तोही आपला खर्च मागतो, तेव्हा हातात नक्की किती उरणार हा हिशोब वकिलाकडून सही करण्याआधी कागदावर घ्या.

ॲस्बेस्टॉस बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, जॉन्स-मॅनव्हिल १९८२ मध्ये, आणि त्यांच्या पैशांतून ट्रस्ट झाले, तिथे वेगळा अर्ज करता येतो. इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांवर राज्याच्या कायद्याखाली दावा मात्र २०१२ च्या कर्न्स निकालानंतर (वर सांगितलेल्या वेल्डरचाच तो खटला) चालत नाही.

भारतात भुसावळला, परळला, माटुंग्याला नोकरी केलेल्या आपल्या लोकांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नये. आपल्याकडे चूक सिद्ध करायची नसते, कायद्याला जोडलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आजार बसतो का ते बघतात, आणि ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा त्या यादीत आहेत. इथला अर्ज, मुदत, रक्कम सगळं निराळं. पण चौथी पायरी, ती वही, इथेही लागतेच, कारण ॲस्बेस्टॉसशी संबंध कुठल्या कामावर आला हे इथेही विचारतात.